मांजराला घरी करामती शिकवताना : बडोद्याच्या घरांतून वारंवार येणारे प्रश्न

दांडिया बाजारातल्या वाड्यांत मांजर असायचं ते उंदरांसाठी. दिवसभर गच्च्या, पडव्या आणि शेजारच्यांचं दूध एवढा त्याचा कारभार असे. आता तेच मांजर चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आहे, उंदीर नाही, पडवी नाही, आणि संध्याकाळी सहा वाजता ते पडद्यावर चढून बसतं. करामती शिकवण्याचा विचार बहुतेक घरांत इथूनच सुरू होतो. खालचे प्रश्न अशाच घरांतून पुन्हा पुन्हा विचारले जातात.

मांजर खरंच शिकतं का? कुत्रा शिकतो हे पटतं, पण मांजर?

शिकतं. प्राणी कसे शिकतात याचे प्रयोगशाळेतले सुरुवातीचे गाजलेले प्रयोग मांजरांवरच झाले. १८९८ साली अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी भुकेल्या मांजरांना लाकडी पेट्यांत ठेवलं. दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे आणि बाहेर मासा मिळे. पहिल्यांदा मांजर आत धडपडायचं, ओरबाडायचं, आणि चुकून खटका दाबला जायचा. पुढच्या प्रत्येक वेळी धडपड कमी होत गेली आणि शेवटी मांजर पेटीत ठेवताच सरळ खटक्याकडे जाऊ लागलं. ज्या कृतीचं फळ चांगलं मिळतं ती कृती पुन्हा होते, हा नियम त्यातून निघाला आणि आजचं सगळं प्रशिक्षण त्यावरच उभं आहे.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर २०१७ साली अमेरिकेत निवारागृहातल्या शंभर मांजरांना दोन आठवडे, पाच-पाच मिनिटांचे पंधरा धडे देऊन चार करामती शिकवून पाहिल्या. काठीच्या टोकाला नाक लावायला ७९ मांजरं शिकली. ‘बस’ मात्र फक्त २७ मांजरांना नीट जमलं. ही दुसरी संख्या लक्षात ठेवा, कारण आपण सगळे सुरुवात ‘बस’पासून करतो आणि आठवड्याभरात ‘आमचं मांजर मठ्ठ आहे’ म्हणून मोकळे होतो.

कुत्र्याशी तुलना कराल तर फरक एकच आहे. कुत्रा तुमच्या ‘शाब्बास’वरही काम करतो. मांजर रोकडा व्यवहार बघतं.

मग हाक मारली तरी ढुंकून का बघत नाही?

नाव त्याला माहीत असतं. जपानमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरातल्या मांजरांना आधी चार वेगवेगळे शब्द ऐकवले. ते त्याच्या नावाएवढ्याच लांबीचे आणि त्याच ठेक्याचे होते. मांजरं हळूहळू दुर्लक्ष करू लागली. मग त्यांचं नाव उच्चारलं, आणि कान हलले, मान वळली. अनोळखी माणसाच्या आवाजातही हे घडलं.

ऐकणं आणि उठून येणं यांत फरक आहे, एवढंच. त्यातून घरात मनीचं नाव दिवसभर कशाकशाला घेतलं जातं बघा : ‘मनी, खाली उतर’, ‘मनी, पडदा सोड’, ‘अगं मनी, काय हे!’ या नावाला उठून जाण्याचं काही कारण तिला दिसत नाही. म्हणून शिकवताना नाव आणि हुकूम वेगळे ठेवा.

सुरुवात कोणत्या करामतीने करावी?

पाहुण्यांसमोर टाळी देणारं मांजर सगळ्यांना हवं असतं. माझं मत मात्र ठाम आहे : बडोद्यात राहणाऱ्या मांजराला आधी दोन गोष्टी आल्या पाहिजेत, हाकेला येणं आणि सांगितल्यावर टोपलीत, म्हणजे मांजर बाहेर न्यायच्या दाराच्या पेटीत, जाणं. टाळी नंतर कधीही शिकवता येते.

कारणं आपल्याच गावची आहेत. उत्तरायणाच्या दोन दिवसांत प्रत्येक गच्चीवर माणसं, ढोल, स्पीकर आणि जागोजागी मांजा. दिवाळीत फटाके. नवरात्रात रात्री उशिरापर्यंत गरब्याचा आवाज. आणि विश्वामित्रीचा पूर. २०१९च्या जुलैअखेरीस आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना विचारा, पलंगाखाली दडलेलं घाबरलेलं मांजर अंधारात पकडणं म्हणजे काय असतं. टोपली दिसताच स्वतःहून आत जाऊन बसणारं मांजर त्या वेळी दोन मिनिटांत हलवता येतं.

तरी या दोन्हींच्या आधी एक छोटी पायरी घ्या. काठीच्या टोकाला नाक लावणं. ते सर्वांत लवकर येतं, आणि पुढच्या बहुतेक करामती त्यातूनच काढता येतात.

क्लिकर म्हणजे काय? तो लागतोच का?

दाबला की ‘टिक’ असा एकसारखा आवाज करणारी छोटी डबी. तिचं काम एवढंच : ‘हे जे आत्ता केलंस ना, त्याचा खाऊ येतोय’ असं मांजराला त्याच क्षणी कळवणं. खाऊ तोंडाशी पोचेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात आणि तोवर मांजर दुसरंच काही करत असतं. आवाज मात्र नेमका वेळेवर पोचतो.

विकत घेतलाच पाहिजे असं नाही. खटक्याचं बॉलपेन चालतं, जिभेने टाळूवर काढलेला ‘टॉक्’ही चालतो. उलट क्लिकरचा आवाज काही मांजरांना फार तीव्र वाटतो. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, मांजराला ८५ किलोहर्ट्झपर्यंत. मांजर दचकत असेल तर क्लिकर खिशात ठेवून दाबा किंवा सरळ पेनावर या.

पहिल्या दिवशी काही शिकवू नका. टिक, खाऊ. टिक, खाऊ. दहा-बारा वेळा. टिक वाजताच मांजर खाऊसाठी तुमच्याकडे बघू लागलं की पाया झाला. एकदा टिक वाजवलंत की खाऊ द्यायचाच, चुकून वाजलं असलं तरी. आणि मांजराला बोलावण्यासाठी क्लिकर वाजवायचा नाही. त्याचा अर्थ ‘ये’ नसून ‘बरोबर’ असा आहे.

खाऊ काय द्यावा? आमचं घर शाकाहारी आहे.

हा बडोद्यातला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं अमिनो आम्ल त्याला अन्नातूनच मिळावं लागतं आणि ते मांस-माशांत असतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा आणि हृदय दोन्ही बिघडतात. दूध-भात, दूध-पोळीवर वाढवलेली मांजरं जगतात ती बाहेर जाऊन काहीतरी मारून खातात म्हणून. फ्लॅटमध्ये बंद असलेल्या मांजराला ती सोय नाही. घरात मांस शिजवायचं नसेल तर बाजारातलं मांजरांचं तयार खाणं द्या आणि त्यातलेच कोरडे दाणे खाऊ म्हणून वापरा. नळीतून पिळून चाटवायची मलईसारखी पेस्ट मिळते, तिच्यासाठी बहुतेक मांजरं काहीही करायला तयार होतात. पेस्टचा मोठा फायदा हा की ती चमच्यावर देता येते, हाताला काही लागत नाही आणि आजींचा सोवळ्याचा प्रश्नही सुटतो.

मांसाहारी घरात उकडलेलं चिकन उत्तम : मीठ नाही, हळद नाही, काही नाही. रश्श्यातला तुकडा धुऊन देऊ नका. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजवल्याने तो दोष जात नाही. त्यामुळे सेव-उसळीच्या तर्रीत बोट बुडवून चाटवणं हा लाड नव्हे.

गोड काही देण्यात अर्थ नाही. गोडाची चव कळवणारं जनुकच मांजरांत बंद पडलेलं आहे, हे २००५ साली सिद्ध झालं. तुमचा बोका श्रीखंडाच्या वाटीकडे धावतो तो त्यातल्या स्निग्धाकडे. चॉकलेट तर विषच आहे. दुधाबद्दल वाईट वाटेल, पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. पनीरचा कण क्वचित चालतो.

प्रमाण : चार किलोच्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात आणि खाऊ त्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा. म्हणजे उकडलेलं चिकन दिवसाला पंधरा ग्रॅमच्या आत. हे फार कमी वाटतं, पण तुरीच्या डाळीएवढे तुकडे करा, कितीतरी होतात. मांजराला तुकड्याच्या आकाराचं काही नसतं. तुकडा मिळाला, हिशेब पुरा.

दिवसातून किती वेळ आणि केव्हा?

जेवणाच्या आधी, दोन ते पाच मिनिटं, दिवसातून एकदा-दोनदा. मांजर मुळात पहाटे आणि संध्याकाळी तरतरीत असतं. मे महिन्यातल्या दुपारी फरशीवर पसरलेल्या मांजराला उठवून शिकवण्याचा उद्योग करू नये.

वाटी दिवसभर भरून ठेवत असाल तर ती आधी बंद करा. आयतं मिळत असताना कष्ट करून खाणं बहुतेक प्राणी पसंत करतात, उंदीर, कोंबड्या, माकडंसुद्धा. मांजर मात्र आयत्यालाच पसंती देतं, असं २०२१च्या एका अभ्यासात दिसलं. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. जेवणाच्या वेळा ठरवा, भूक थोडी असू द्या. उपाशी मात्र ठेवू नका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस काही खाल्लंच नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं.

काठीला नाक लावायला कसं शिकवायचं?

जेवायची चॉपस्टिक, आइसक्रीमची काडी किंवा पेन्सिल घ्या. टोक मांजराच्या नाकापुढे वीतभर अंतरावर, किंचित खाली धरा. कुतूहलाने ते हुंगायला पुढे येईल. नाक लागताच टिक, खाऊ. काठी मागे घ्या, पुन्हा धरा. काठी नाकावर आपटू नका, मांजराने पुढे यायला हवं, तुम्ही नव्हे.

चार-पाच वेळा जमलं की काठी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, मग एक पाऊल लांब. मांजर काठीमागे चालू लागलं की ‘गोल फिर’ आपोआप येतं : काठी त्याच्या नाकापासून शेपटीकडे गोल न्या. आधी पाव वळण, मग अर्धं, मग पूर्ण. स्टुलावर चढणं, एका स्टुलावरून दुसऱ्यावर जाणं, भरतकामाच्या मोठ्या रिंगमधून पलीकडे जाणं, सगळं याच काठीने होतं. रिंग सुरुवातीला जमिनीला टेकलेलीच धरा. एक वीत वर उचलायची घाई पंधरवडाभर तरी करू नका.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. फार जवळची वस्तू, साधारण पंचवीस सेंटिमीटरच्या आतली, मांजराला स्पष्ट दिसत नाही. तिथे ते नाक आणि मिशांवर चालतं. समोर पडलेला तुकडा न दिसता ते इकडेतिकडे हुंगत राहतं ते यामुळे. तुकडा एकाच ठरलेल्या जागी टाका, किंवा चमच्यावर द्या.

‘बस’ आणि टाळी?

‘बस’साठी दोन रस्ते आहेत. खाऊ नाकापासून कपाळावरून मागे नेला की मान वर जाते आणि बूड खाली टेकतं, तेव्हा टिक. पण बरीच मांजरं बसण्याऐवजी मागे सरकतात किंवा पुढचे पाय उचलून हात धरतात. मग दुसरा रस्ता : काही करू नका. खाऊचा डबा घेऊन खुर्चीत बसा. मांजर कधी ना कधी आपणहून बसणारच. बसलं की टिक, आणि खाऊ थोडा लांब टाका म्हणजे त्याला उठावं लागेल. परत येऊन बसेल. तीन-चार दिवसांत ते तुमच्यासमोर येऊन मुद्दाम बसू लागतं आणि तोंडाकडे बघत राहतं. शब्द आता जोडा, बसण्याच्या अगदी आधी : ‘बस’. बूड हाताने दाबून बसवू नका, त्याला तेवढंच कळतं की तुमचा हात आला की पळावं.

टाळीसाठी मुठीत खाऊ धरा. मांजर हुंगेल, चाटेल, आणि कधीतरी पंजा मारेल. पंजा लागताच टिक. मग खाऊ दुसऱ्या हातात घ्या आणि पहिला हात उघडा दाखवा. नखं काढून मारत असेल तर बक्षीस नाही, मऊ पंजालाच.

शिकवायला बसलं की ते करामत करायचं सोडून पायालाच घासत बसतं.

याची एक गमतीची कथा आहे. १९४६ साली गथ्री आणि हॉर्टन या दोघा संशोधकांनी पेटीत खांब उभा केला. खांब हलला की दार उघडे. मांजरं दर वेळी त्याच ढंगात अंग घासून खांब हलवायची, म्हणून मांजर एकच हालचाल ठोकळेबाजपणे शिकतं असा निष्कर्ष निघाला. १९७९ साली मूर आणि स्टटर्ड यांनी दाखवलं की समोर माणूस दिसला की मांजर तसंही घासतं, खाऊ असो वा नसो. समोर बसलेल्या संशोधकांना ती बिचारी नमस्कार करत होती!

तेव्हा पायाला घासणं ही टाळाटाळ नाही. थोडा वेळ खाजवू द्या, मग काठी पुढे धरा. खाऊ मात्र घासण्याला देऊ नका, नाहीतर तेच शिकेल.

हाकेला येणं नेमकं कसं शिकवायचं?

एक आवाज ठरवा जो घरात एरवी होत नाही. स्टीलच्या डबीत दाणे घालून खुळखुळवणं, विशिष्ट शीळ, किंवा ‘ये-ये-ये’ अशी लयीतली हाक. पहिल्या दिवशी मांजर दोन पावलांवर असताना आवाज आणि लगेच खाऊ. नंतर खोलीच्या दुसऱ्या टोकातून. मग दुसऱ्या खोलीतून. घरात दोघं असाल तर एकाने स्वयंपाकघरातून आणि दुसऱ्याने हॉलमधून आळीपाळीने बोलवा. मांजराला हा खेळ फार आवडतो आणि त्याचा व्यायामही होतो.

इथला खाऊ सगळ्यांत चांगला असावा. रोजचे दाणे इतर करामतींना, पेस्ट किंवा चिकन फक्त हाकेला.

आणि हा नियम मोडू नका : त्या हाकेने बोलावून कधीही गोळी द्यायची नाही, नखं कापायची नाहीत, अंघोळ घालायची नाही. त्या कामांसाठी तुम्ही उठून त्याच्याकडे जा. एकदा विश्वासघात झाला की महिन्याभराची मेहनत जाते.

मांजर हाकेला छान येतं म्हणून उत्तरायणात गच्चीवर सोडायचं, असा अर्थ मात्र काढू नका. १४ आणि १५ जानेवारीला, आणि पुढचे काही दिवस मांजा उचलला जाईपर्यंत, मांजर घरातच. काचेचा मांजा कापतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण मांजराला दुसराही धोका आहे : त्याच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा ते थुंकू शकत नाही, गिळतच जातं. आतडं त्या दोऱ्यावर चुणीसारखं गोळा होतं आणि चिरलं जाऊ शकतं. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका. सरळ डॉक्टरकडे न्या. रस्त्यावरचं मांजर किंवा पक्षी जखमी दिसला तर गुजरातभर १९६२ हा करुणा अ‍ॅनिमल अ‍ॅम्ब्युलन्सचा क्रमांक चालतो.

टोपली बघूनच मांजर पसार होतं. ते आत कसं जाईल?

पसार होतं, कारण टोपली माळ्यावरून उतरते ती फक्त इंजेक्शनच्या दिवशी. ती हॉलमध्ये कायम उघडी ठेवा, दार काढता येत असेल तर काढून, आत तुमची जुनी वापरलेली चादर घालून. जेवणाची वाटी टोपलीच्या शेजारी, काही दिवसांनी उंबऱ्यावर, मग आत, मग अगदी मागे. स्वतःहून आत गेलं की टिक आणि खाऊ आतच. दार पहिल्यांदा लावाल ते एका क्षणासाठी आणि लगेच उघडा. नंतर खाऊ चाटून होईपर्यंत. मग उचलून दोन पावलं, मग जिन्यापर्यंत, मग रिक्षात बसून गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. शेवटी ‘टोपलीत’ हा शब्द.

दवाखान्यात नेताना टोपलीवर पातळ कापड टाका आणि ती मांडीवर किंवा सीटवर घट्ट धरा. अ‍ॅक्टिव्हाच्या पुढे पिशवीत मांजर घालून जाणारे लोक दिसतात. बडोद्याच्या रहदारीत हॉर्न वाजला आणि मांजर उसळलं तर मांजर आणि चालवणारा दोघंही रस्त्यावर.

घरात आम्ही मराठी बोलतो, मुलं आपसात गुजराती, कामाच्या बाई हिंदी. हुकूम कोणत्या भाषेत?

कोणत्याही. फक्त सगळ्यांनी तोच. आजी ‘ये गं’, नातू ‘आव’ आणि बाबा ‘कम’ म्हणत असतील तर मांजराला तीन वेगळे आवाज शिकावे लागतात. कागदावर लिहून फ्रिजवर लावा. शब्दाबरोबर हाताची एक ठरलेली खूण ठेवली तर आणखी चांगलं, कारण मांजर खूण शब्दापेक्षा लवकर पकडतं, आणि म्हातारपणी कान गेले तरी खूण उरते. नवी करामत मात्र एकानेच शिकवावी, पक्की झाली की बाकीच्यांनी करून घ्यावी.

ओट्यावर चढू नये असं शिकवता येईल का?

‘करू नको’ शिकवणं मांजराच्या बाबतीत जवळजवळ अशक्य आहे, ‘त्याऐवजी हे कर’ शिकवता येतं. ओट्याजवळ एक उंच स्टूल ठेवा. त्यावर बसलं की टिक आणि खाऊ. तुम्ही पोळ्या लाटत असताना दर दोन मिनिटांनी एक दाणा. मांजराला उंचावरून बघायचं असतं, ओटाच हवा असं नसतं.

पण एकदा जरी ओट्यावर सायीचं पातेलं उघडं सापडलं, की शिंकं तुटलं आणि बोक्याचं साधलं. ती एक खेप पुढचे कित्येक दिवस त्याला पुन्हा चढायला पुरते. म्हणून झाकणं ठेवा. पाण्याचा फवारा मारू नका, ओरडू नका. त्याने ते ओट्याला नाही, तुम्हाला भितं, आणि तुम्ही नसताना चढतंच.

मांजर सात-आठ वर्षांचं आहे. आता उशीर झाला का?

नाही. जपानमधल्या एबिसु नावाच्या मांजरीने अकराव्या वर्षी माणसाची नक्कल करून दाखवली. मालकिणीने खोक्याला हात लावला की ती पंजा लावायची, मालकिणीने गाल घासला की ती घासायची. २०२०मध्ये ते शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्धही झालं. फक्त वयस्क मांजरांत सांध्यांचा त्रास बराच असतो आणि ती तो लपवतात. उड्या, दोन पायांवर उभं राहणं टाळा. काठी, टाळी, टोपली, हाक पुरे.

पिल्लू असेल तर उलट : दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत माणसांची, हातांची, आवाजांची सवय लागली तर पुढे सगळं सोपं जातं. धडे मिनिटभराचेच.

दोन मांजरं आहेत, एकत्र शिकवू का?

वेगवेगळ्या खोल्यांत. दारामागून दुसऱ्याचा आरडाओरडा ऐकू येईल, येऊ द्या.

खाऊ घेताना चावतं, ओरबाडतं.

चमच्यावर किंवा जमिनीवर द्या. मुलांना हा नियम सुरुवातीपासूनच. रेबीजची लस मांजरालाही दर वर्षी असते, ती चुकवू नका. दात लागला किंवा रक्त निघेल असं ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘घरचंच मांजर आहे’ म्हणून टाळू नका.

आमचं मांजर फार भित्रं आहे, जवळच येत नाही.

मग करामती थोड्या बाजूला ठेवा. जमिनीवर बसा, नजर रोखू नका, डोळे हळूच अर्धे मिटा आणि उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २०२०च्या अभ्यासात, अशी संथ उघडझाप करणाऱ्या माणसाकडे मांजरं जास्त येतात असं दिसलं, अनोळखी माणूस असला तरी. तेही उलट तशीच उघडझाप करू लागलं की खाऊ सरकवा.

सगळं करून पाहिलं, काहीच शिकत नाही.

क्रमाने तपासा. पोट भरलेलं आहे का? खाऊ त्याला आवडतो का, की तुम्हाला तो चांगला वाटतो? टीव्ही चालू आहे का? टिक उशिरा वाजतंय का? हे मोबाइलवर चित्रण करून बघितलं की लगेच कळतं, बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो. पांढरं शुभ्र आणि निळ्या डोळ्यांचं मांजर असेल तर ते बहिरं असण्याची शक्यता बरीच असते. टिकऐवजी अंगठा वर करण्याची खूण वापरा, तेवढंच छान चालतं.

आधी शिकलेलं मांजर अचानक उडी मारायला नकार देऊ लागलं, खाऊ सोडू लागलं, तर तो हट्ट समजू नका. दात, सांधे, मूत्रमार्ग, काहीही असू शकतं. बोका शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो आणि लघवी होत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पट्टा लावून कमाटीबागेत फिरवता येईल का?

पट्ट्याची सवय घरात लावता येते : गळ्यातला नव्हे, छाती-पोटावरून येणारा हार्नेस. आधी फक्त हुंगायला, मग अंगावर ठेवून, मग बांधून मिनिटभर. पहिल्यांदा बांधलं की बरीच मांजरं आडवी पडून मेल्याचं सोंग करतात. खाऊ पुढे धरा, उठतात.

कमाटीबाग मात्र नको. रविवारची गर्दी, भटकी कुत्री आणि मुलांचा गलका यांत मांजराला काहीही मजा येत नाही, मजा येते ती फोटो काढणाऱ्याला. सोसायटीची शांत गच्ची, सकाळी सातच्या आत, पुरे.

संडासाच्या भांड्यावर बसायला शिकवावं का?

येतं, पण शिकवू नये. मांजराला उकरायचं आणि झाकायचं असतं, आणि लघवी-शीचं प्रमाण बदललं की ट्रेमध्येच तुम्हाला ते आधी कळतं.

हे सगळं करायला परवानगी वगैरे लागते का?

घरच्या घरी नाही. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात नोंदणीची अट आहे ती तिकीट लावून होणाऱ्या कार्यक्रमांत प्राणी दाखवणाऱ्यांना आणि त्यासाठी शिकवणाऱ्यांना. सिनेमा किंवा जाहिरातीत मांजर वापरायचं असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी घ्यावी लागते. घरातला टाळी देण्याचा व्हिडिओ मित्रांना पाठवण्यात काही अडचण नाही. पाठीमागे काकडी ठेवून दचकवणं, पायांना चिकटपट्टी लावून चालवणं असले व्हिडिओ मात्र करू नका. मांजराला जेवणाच्या जागी दचकवलं तर ते तिथे जेवायलाच येईनासं होतं, आणि मग तुमची पहिली करामत, म्हणजे वाटीपर्यंत येणं, पुन्हा शिकवावी लागते.